कोणत्या कार्यक्रमाला जावे? एका कामगाराचा हिशेब
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी विद्वान वक्ता नाही. सातवी नापास माणूस. माझे वडील नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये कामगार होते. ती गिरणी बंद पडली. मी पोटासाठी लातूरला आलो आणि गेली तीस वर्षे डाळ मिलमध्ये चाळणीवर उभा आहे. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, विहाराच्या कपाटातले. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

समितीने मला ‘समाजकार्य’ हा विषय दिला. त्यातला एकच लहान भाग मी घेतो. वर्षभर आपल्याकडे पत्रिका येतात, वर्गणीच्या पावत्या येतात. त्यातल्या कोणत्या कार्यक्रमाला जायचे, कोणता आपण घ्यायचा आणि कोणाला हात जोडून नाही म्हणायचे, हा प्रश्न आहे.

जरा हिशेब करा. १ जानेवारीला भीमा कोरेगाव. १४ जानेवारीला नामविस्तार दिन. दाभडला बावरीनगरची धम्म परिषद. २० मार्चला महाड. १४ एप्रिलला जयंती, पुढे बुद्ध पौर्णिमा, दसऱ्याला नागपूर, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन. यात लग्ने, बारशी, पुण्यानुमोदन आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस धरलेले नाहीत. रोजंदारीच्या माणसाचा दिवस गेला की हाजरी गेली. आणि नवी तूर बाजारात येऊ लागते ती नेमकी डिसेंबर-जानेवारीत. सगळीकडे जाईन म्हणणारा माणूस एक तर खोटे बोलतो, नाही तर त्याचे घर दुसरे कोणी तरी चालवते.

बाबासाहेब तरी सगळीकडे गेले काय? १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अधिवेशनाचे अध्यक्षपद दिले. भाषण वाचल्यावर मंडळाला ते झेपेना. काही भाग बदला, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी ठाम नकार दिला. अधिवेशनच रद्द झाले. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, पंधराशे प्रती. अध्यक्षाची खुर्ची गेली, पण विचार राहिला. तेच बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये, शरीर साथ देत नसताना, जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. त्यानंतर काही दिवसांतच ६ डिसेंबर उजाडला. मानाच्या ठिकाणी नाही म्हणणे आणि त्रासाच्या ठिकाणी जाणे, दोन्ही त्यांनी केले.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याचा सत्कार होता. मला स्टेजवर खुर्ची मिळणार होती. त्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या एका हमालाचे पुण्यानुमोदन होते. तो माझ्याबरोबर पंधरा वर्षे पोती उचललेला माणूस. मी सत्काराला गेलो. हार घातला, फोटो काढला. रात्री परत आलो तर त्याची बायको ओट्यावर बसलेली. ती म्हणाली, “भाऊ, नऊ माणसं आली होती. वंदना घ्यायला कुणी नव्हतं. लेकरानंच पुस्तक धरून म्हणली.” ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तो फोटो अजून माझ्या ट्रंकेत आहे, भिंतीवर लावला नाही.

तेव्हापासून मी वहीत लिहून ठेवतो. पत्रिका आली की स्वतःला विचारतो, मी गेलो नाही तर तिथे कोणाचे अडेल? सत्कारात माझ्यावाचून कोणाचेच अडले नव्हते. त्या घरी अडले होते.

दसऱ्याचे उदाहरण घ्या. त्या दिवशी आपला अशोक विजयादशमीचा दिवस, आणि मिलमध्ये मशीनची पूजा. मालक कामगारांना बोलावतो. आमच्यातले काही म्हणतात, पायच ठेवू नका. काही म्हणतात, गुमान नारळ फोडा, नोकरी सांभाळा. मी सकाळी जातो, माझी चाळणी पुसतो, तेलपाणी करतो, सोबत्यांना भेटतो. आरतीला उभा राहत नाही. पहिल्या वर्षी मुकादम तिरपे बघत होता. मी म्हणालो, “मशीनवर माझं पोट आहे, तिची निगा मी रोज करतो. पूजा मात्र माझ्यानं होणार नाही.” पुढच्या वर्षापासून कोणी विचारले नाही. कंदुरीचे, जावळाचे बोलावणे आले तरी असेच. विधीला थांबत नाही, पण दुसऱ्या दिवशी लेकराला बघायला जातो. बावीस प्रतिज्ञांनी आपल्याला देवापासून दूर केले, माणसापासून नाही.

आता कार्यक्रम घेण्याविषयी. २०१६ साल आठवा. बाबासाहेबांची १२५ वी जयंती आणि लातूरला प्यायला पाणी नाही. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दोन दिवसांवर जयंती. आमच्या गल्लीत वर्गणी जमलेली, पोरांनी डीजे ठरवलेला. बैठकीत भांडण झाले. एक म्हणे जयंती रद्द करा, दुसरा म्हणे सव्वाशेवी परत येणार आहे काय? तेव्हा एक म्हातारी माय उठली. म्हणाली, “बाबानं महाडाला पाण्यासाठी लोकं नेले. तुम्ही तहानलेल्या गल्लीत नाचता काय रे?” डीजे रद्द झाला. मिरवणूक पायी निघाली. उरलेल्या पैशाचे टँकर आणले आणि शेजारच्या सगळ्या जातींच्या घरांना घागरी भरून दिल्या. ज्या घरांनी आमची मिरवणूक कधी दारातून बघितली नव्हती, त्या घरच्या बायका त्या दिवशी रांगेत आमच्यासोबत उभ्या राहिल्या.

खरे सांगायचे तर पुढच्या वर्षी डीजे परत आला. मी त्याला थांबवू शकलो नाही. म्हणून आज समितीपुढे विनंती ठेवतो. विहाराने कार्यक्रमांची वही घालावी. प्रत्येक कार्यक्रमानंतर आठ दिवसांनी लिहावे, खर्च किती, कर्ज किती आणि मागे काय उरले? एखादे पोर अभ्यासिकेत येऊ लागले? एखाद्या विधवेचा कागद मार्गी लागला? काहीच उरले नसेल तर पुढच्या वर्षी तो पैसा दुसरीकडे वळवावा.

काही दिवस मात्र या हिशेबाबाहेरचे आहेत. नामांतरासाठी आपल्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे १९७८ साली मारले गेले. १९९३ साली गौतम वाघमारे यांनी नांदेडात स्वतःला पेटवून घेतले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. त्या दिवशी मी हाजरी बुडवतोच. मला स्टेज नको, खुर्ची नको. गर्दीत उभा राहतो आणि सोबत एका तरुण पोराला नेतो. आपण मेल्यावर हे नाव सांगायला कोणी तरी लागेल.

आणि गल्लीत कोणाच्या घरी पुण्यानुमोदन असेल तर मला निरोप द्या. मला पुस्तकाशिवाय वंदना येते.

जयभीम! नमो बुद्धाय!