कर्णनाद आणि संशोधकाची उमेदवारी



व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा कार्यकर्ता उभा राहिला, की तो बोनस, महागाई भत्ता किंवा संप यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून बसतात. आज आम्ही कानाविषयी बोलणार आहोत. विषय कर्णनादाचा आहे. आणि विशेषेकरून, या विकाराचा अभ्यास करणारी तरुण माणसे कशी तयार व्हावीत, याचा आहे. संघटनेच्या माणसाचा या विषयाशी संबंध काय, ते बोलण्याच्या ओघात आपल्या ध्यानात येईल.

बाहेर कसलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे, याला कर्णनाद म्हणतात. कुणाला रातकिड्याची किरकिर ऐकू येते, कुणाला बारीक शिटी, कुणाला दूरवर यंत्र चालल्यासारखी घरघर. दिवसा कामाच्या गडबडीत तो आवाज दबून राहतो. रात्री शेवटची गाडी गेली, उल्हासच्या काठी सामसूम झाली, की तो डोके वर काढतो. विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. त्याची मोजदाद मात्र अलीकडची. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०२२ साली संशोधकांनी हिशेब मांडला, की जगातील प्रौढांपैकी सुमारे १४ टक्क्यांना, म्हणजे ७४ कोटींहून अधिक माणसांना, हा अनुभव येतो. आणि त्यांतल्या सुमारे १२ कोटींचा त्रास तीव्र आहे. झोप उडते, कामात चित्त लागत नाही, स्वभाव चिडचिडा होतो, आणि घरच्यांना कारण कळत नाही.

हा नाद येतो कोठून? कानाच्या पडद्यापलीकडे, गोगलगायीच्या शंखासारख्या वळणदार नळीत, केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. आवाजाच्या लाटेने हे तंतू हलतात आणि तो संदेश मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. कातडी फाटली तर भरून येते, हाड मोडले तर सांधते. पण माणसाच्या कानातील ही पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. आता मेंदूची बाजू पाहा. काही सुरांचे संदेश येईनासे झाले, की मेंदू जणू आपली ग्रहणशक्ती वाढवतो. रेडिओचे केंद्र नीट लागत नसले की आपण आवाज मोठा करतो आणि गाण्याऐवजी खरखरच वाढते, तसे काहीसे येथे घडते, असे आज बहुतेक संशोधक मानतात. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाची वेदना जाणवते, त्याच जातीचा हा नाद आहे. म्हणूनच श्रवणाचा मज्जातंतू शस्त्रक्रियेने कापल्यानंतरही पुष्कळ रोग्यांचा नाद तसाच राहिल्याचे आढळले आहे.

येथवर शास्त्र सरळ चालते. पुढे त्याची गाडी अडते. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी चांगल्या कानांची ८० माणसे आवाजबंद खोलीत बसवली आणि काय ऐकू येते ते सांगावयास लावले. त्यांतल्या ९४ टक्क्यांनी कोणता ना कोणता आवाज ऐकल्याचे सांगितले. म्हणजे नादाचे बीज बहुतेकांच्या ठायी आहे. एकाला ते जाणवतही नाही आणि दुसऱ्याचे आयुष्य पोखरते. बरे, यंत्रावरच्या सुराशी रोग्याचा नाद जुळवून पाहिला, तर तो बहुधा त्या रोग्याला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या थोडासाच वर भरतो. नाद किती मोठा, यावरून यातना किती मोठी, हे ठरत नाही. तापाला थर्मामीटर आहे, साखरेला रक्ताची तपासणी आहे. कर्णनादाला तसे माप नाही. रोगी सांगतो तोच पुरावा.

मुक्या जनावराकडून हा पुरावा कसा काढावयाचा, याची एक युक्ती पावेल यास्त्रेबोफ यांनी १९८८ साली सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. पिंजऱ्यात सतत चालू असलेला आवाज थांबला, की पाण्याची नळी चाटावयाची नाही, असे त्यांनी उंदरांना शिकवले. मग काहींना सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातले औषध, मोठ्या मात्रेत दिले. आवाज थांबला तरी हे उंदीर पाणी पीत राहिले. त्यांच्या लेखी शांतता झालीच नव्हती! उंदराची साक्ष काढण्यासाठी शास्त्रज्ञाने एवढे डोके चालवले. माणसाला तर देवाने तोंड दिले आहे. त्याची साक्ष नीट कशी घ्यावी, ही विद्या तरुण संशोधकाला कोण शिकवतो?

ही विद्या एका खात्याची नाही, हीच खरी अडचण होती. कानाचा डॉक्टर पडदा पाहतो, श्रवणतज्ज्ञ ऐकण्याचा आलेख काढतो, मेंदूचा अभ्यासक मेंदूच्या लहरी मोजतो, मानसतज्ज्ञ झोप व चिंता यांविषयी विचारतो, संख्याशास्त्रज्ञ आकडे जुळवतो. कारखान्यात पाच खाती असावीत आणि एकाही फोरमनने दुसऱ्याच्या खात्यात पाऊल टाकू नये, अशी ही स्थिती. माल अर्धवट बाहेर पडणार, हे सांगावयास नको.

युरोपातील काही विद्यापीठांनी व रुग्णालयांनी यावर उपाय म्हणून २०१७ साली एक शाळा उभी केली. तिचे लघुनाव ‘एसिट’. अर्थ, कर्णनादाच्या आंतरशाखीय संशोधनाची युरोपीय शाळा. तिला एक इमारत नव्हती. पंधरा तरुण उमेदवार वेगवेगळ्या देशांतील संस्थांत डॉक्टरेटचे काम करीत आणि सामाईक शिक्षणासाठी एकत्र येत. जर्मनीतील विनफ्रीड श्ली, इंग्लंडमधील डेबोरा हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तिची आखणी छापून प्रसिद्ध केली. कुणाकडे आनुवंशिकतेचा प्रश्न, कुणाकडे मेंदूच्या लहरींचा, कुणाकडे उपचारांची तुलना. पण प्रत्येकाने दुसऱ्याचे काम समजून घ्यावयाचे. पैसा युरोपीय संघाच्या मारी क्यूरी यांच्या नावाच्या योजनेतून आला. त्या योजनेचे नियम ऐकण्यासारखे आहेत. उमेदवाराचा संशोधनातील अनुभव चार वर्षांच्या आतला असावा, अशी तेव्हा अट होती. ज्या देशात तो मागल्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून अधिक राहिला असेल, तेथे त्याला जागा नाही. त्याने परक्या देशी जाऊन परकी पद्धत शिकावी. आणि आम्हा संघटनेच्या माणसाचे लक्ष वेधणारा नियम असा, की या उमेदवाराला नोकरीच्या कराराने नेमावयाचे, पगार व सामाजिक विमा यांसह. आपल्याकडे बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्यात धरणे धरावे लागल्याचे आपण वाचले आहे. पोटाची विवंचना असलेल्या उमेदवाराने दुसऱ्याचे दुखणे तासभर शांतपणे ऐकून घ्यावे, ही अपेक्षा फार झाली.

या सगळ्यातून औषध सापडले काय? नाद कायमचा पुसून टाकणारी गोळी आजही नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण दुःख कमी करता येते, हे सिद्ध झाले आहे. हॉलंडमध्ये ४९२ रोग्यांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ व इतर जाणकार यांनी मिळून, पायरीपायरीने दिलेला उपचार नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरला. २०२५ मध्ये पाच युरोपीय केंद्रांतील ४६१ रोग्यांच्या चाचणीचा निकाल आला. विचार व वर्तन यांना वळण लावणारा मानसोपचार आणि श्रवणयंत्र यांचा एकेकट्यानेही चांगला गुण आला. ज्यांनी हे उपचार दिले त्यांना रोग्याशी बोलता येत होते, आणि ही कला शिकवावी लागते.

आता घरी येऊ. आपल्याकडे ही विद्या नाही, असे नाही. म्हैसूरला १९६५ साली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली राष्ट्रीय श्रवण संस्था निघाली. तिला महाराष्ट्राचे एकेकाळचे राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव आहे. मुले-मुली तेथे वर्षानुवर्षे मेहनत करून श्रवणतज्ज्ञ होतात, काही पुढे संशोधन करतात. कर्जतहून वांद्रे आगगाडीने काही तासांच्या वाटेवर आहे. तरीही त्या उमेदवाराची आणि आमच्या कामगाराची गाठ क्वचितच पडते. उमेदवार दवाखान्याच्या खिडकीशी येणाऱ्या रोग्यावर शिकतो. पाळी बुडवली तर रोज बुडतो, आणि कान गेला हे मुकादमाला कळले तर काम जाईल ही धास्ती. म्हणून कामगार त्या खिडकीशी जातच नाही.

आपल्या तालुक्यांचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजघर सुरू झाले आणि घाटावरच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. त्या विजेवर साचे चालले. साच्यांच्या खात्यात शेजारच्याशी बोलावयाचे तर ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून. गिरण्या गेल्या; आता कारखाने आपल्या खालापूर-खोपोलीतच आहेत. आपल्या कारखाना-नियमांनी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा घातली, आणि १०० डेसिबलच्या गोंगाटात दोन तास चालतील असे ठरवले. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे त्याच गोंगाटात फक्त पंधरा मिनिटे राहावे. दोन तास आणि पंधरा मिनिटे! या फरकात किती कान गेले, हे शोधणे तरुण संशोधकाला शोभेल असे काम आहे.

नागपूरच्या खाण-कामगार आरोग्य संस्थेतील नंदी आणि धात्रक या संशोधकांनी २००८ साली लिहिले, की गोंगाटाने आलेला बहिरेपणा भारतात १९४८ पासून भरपाईस पात्र असला, तरी पहिल्या माणसाला भरपाई मिळाली ती १९९६ साली. मध्ये ४८ वर्षे गेली. हे झाले बहिरेपणाचे, ज्याचा आलेख कागदावर काढता येतो. कर्णनादाचे तर नावही त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. एका सुनावणीत आमच्या एका फिटरला विचारण्यात आले, “तुझ्या कानात आवाज येतो, हे कशावरून?” तो म्हणाला, “साहेब, पोटात दुखतं ते तरी कुठं दिसतं?” उत्तर बिनतोड होते, पण कागदावर त्याची नोंद झाली नाही. अमेरिकेत निवृत्त सैनिकांना भरपाई मिळणाऱ्या विकारांत कर्णनादाचा क्रमांक संख्येने सर्वांत वरचा आहे. तेथे सैनिकाची साक्ष ग्राह्य धरली गेली, म्हणून संख्या दिसली. संख्या दिसली, म्हणून संशोधनाची निकड सरकारला पटली.

यावरून आमची मागणी साधी आहे. कान व श्रवण यांचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक उमेदवाराचे काही दिवस कारखान्याच्या गेटवर आणि कामगार वस्तीत जावेत. फिटरची उमेदवारी यंत्राशेजारी मिस्त्रीच्या हाताखाली होते, वर्गात होत नाही. येथे मिस्त्री म्हणजे तो नाद सोसणारा माणूस. दुसरे असे, की कर्णनादाच्या त्रासाचे माप म्हणून न्यूमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली केलेली २५ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. असे प्रश्न मराठीत विचारताना पुस्तकी शब्द घालून भागणार नाही. कामगार ‘माझी एकाग्रता भंग पावते’ असे म्हणत नाही; तो म्हणतो, ‘डोकं ठिकाणावर राहत नाही.’ हे शब्द गोळा करणे हेसुद्धा संशोधनच होय. तिसरे, कारखान्यात कानाची तपासणी होते तेव्हा नादाविषयी एक प्रश्न विचारून उत्तर आलेखासोबत लिहावे. याला खर्च शाईचा.

आणि आपले कर्तव्य? उमेदवार संशोधक दारी आला, तर त्याला उभे करून परत पाठवू नका; बसवा आणि सांगा. पाळी सुटल्यावर कानात नाद राहतो, तो कानाला इजा होत असल्याचा इशारा समजा, आणि गोंगाटात कानाचे संरक्षक वापरा. तपासणीच्या आलेखाची प्रत मागून घरी ठेवा. एकाच कानात नाद असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर तो वाजत असेल, किंवा ऐकू येणे एकाएकी गेले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कानात तेल घालून वाट पाहू नका. घरात कुणी या त्रासाची तक्रार केली, तर “आम्हाला नाही ऐकू येत” म्हणून त्याला गप्प करू नका. इतरांना तो आवाज ऐकू येत नाही, हेच तर या विकाराचे लक्षण आहे.

कामगाराचे गाऱ्हाणे नीट ऐकून, त्याच्याच शब्दांत लिहून घेणे, हे संघटनेत नव्या कार्यकर्त्याला आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो. कर्णनादाच्या संशोधकाचाही पहिला दिवस असाच जावा, एवढेच आम्हाला या व्यासपीठावरून सुचवावयाचे होते.