खाकी वेष आणि कायदा

अहिल्यानगर जिल्ह्यांतील सोनईशेजारच्या शनिशिंगणापुरांत श्रद्धेपोटीं घरांना कवाडें न लावण्याची परंपरा आहे. पोलिसाचा गणवेषही विश्वासावरच चालतो. तो पाहतांच माणूस निमूटपणें झडती देतो. म्हणूनच नकली गणवेष हा गुन्हा ठरतो.

पण खेडोपाडीं बहुरूपीही फौजदार होऊन येतो, लटकेंच दरडावतो आणि हंसवून बिदागी नेतो. तो गुन्हेगार कां नव्हे? कायदा कापड पाहत नाहीं, हेतु पाहतो. बहुरूप्याचें सोंग सोंग म्हणूनच ओळखलें जावें, यांतच त्याची कला आहे.

१८६० च्या दंडसंहितेंतील हा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत आला. लोकांनीं खरें मानावें या कपटी हेतूनें सरकारी नोकराचा वेष वा बिल्ला वापरल्यास कलम २०५ अन्वयें ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या तोतया अधिकारानें झडती वा वसुली आरंभिली, कीं कलम २०४ प्रमाणें ६ महिने ते ३ वर्षें कैद आणि दंड.

तोतयाच्या एका फसवणुकीनें खऱ्या पोलिसासही दारें बंद होतात. तेव्हां ओळखपत्र विचारणें हा उद्धटपणा नव्हे. खऱ्या गणवेषाची ती राखणच होय.