पंचवीस नंबर कुठे लावायचा?

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



"पोरगी दिवसभर अमेरिकेतल्या पेशंटांचे कागद बघते, म्हणजे नेमकं करते काय?" असं काचीगुडा, बडी चावडीतल्या घरांतून आम्हाला विचारतात. आपल्या हैदराबादेत मेडिकल कोडिंगच्या कंपन्या पुष्कळ. आम्ही चार-पाच सरकारी नोकर, बहुतेक फार्मसीचे डिप्लोमावाले, रविवारी मंडळाच्या खोलीत या मुलांची तयारी करून घेतो. म्हणून आज हा विषय.

अमेरिकेत डॉक्टर तपासणी करून नोंद लिहितो. त्या नोंदीवरून कामाला पाच आकडी कोड लागतो आणि विमा कंपनी पैसे देते. हे कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे, १९६६ पासूनचे. जुन्या पेशंटच्या तपासणीला ९९२११ ते ९९२१५, गुडघ्यातल्या इंजेक्शनला २०६१०. कोडच्या मागे दोन आकड्यांचं किंवा अक्षरांचं शेपूट लागतं, ते मॉडिफायर. डावा-उजवा सांगायला एलटी, आरटी; दोन्हीकडे केलं तर ५०. ही सोपी.

घोळ होतो तो २५ वर. प्राणप्रतिष्ठेला आलेले गुरुजी संकल्पाची दक्षिणा वेगळी मागत नाहीत. पण त्याच बैठकीत त्यांनी मुलीची पत्रिका नीट पाहिली, तर ते काम वेगळं. तसंच इथे. इंजेक्शनच्या पैशांतच गुडघा बघणं, "सुई देऊ या" असं ठरवणं धरलेलं असतं. आजीबाई ठरलेल्या इंजेक्शनला आल्या, घेतलं, गेल्या; तर फक्त २०६१०. पण त्याच वेळी त्यांनी चक्कर येते म्हणून सांगितलं, डॉक्टरांनी रक्तदाब पाहून गोळ्या बदलल्या आणि तसं लिहिलं, तर तपासणीचा कोडही लागतो, समजा ९९२१३, आणि २५ त्याला जोडायचा. इंजेक्शनच्या कोडला नव्हे! हे आम्ही दर रविवारी सांगतो. आजार दुसराच हवा असंही नाही. काम वेगळं आणि दखल घेण्याइतकं हवं.

मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी झाला, तर २५ नाही, ५७. शस्त्रक्रियेनंतरच्या ठरलेल्या मुदतीत त्याच डॉक्टरांनी भलत्याच दुखण्यासाठी तपासलं, तर २४.

आता खरी अडचण. २५ नसला की तपासणीचे पैसे अडतात. वर दिवसाला इतक्या फायली हव्यात असा तगादा. मग शेजारचा म्हणतो, "लाव पंचवीस, जाऊ दे पुढे." नोंदीत काही नसताना लावला, तर न झालेल्या कामाचं बिल गेलं. त्यातला काही वाटा बऱ्याचदा त्या आजीबाईंच्या खिशातून जातो. सरकारी मेडिकेअरचं बिल असेल आणि जाणूनबुजून केलेलं असेल, तर १८६३ चा खोट्या दाव्यांचा कायदा आहे. नुकसानीच्या तिप्पट वसुली आणि वर दंड. उलट, भीतीपोटी लावलाच नाही, तर डॉक्टरांची मेहनत फुकट. नोंद संदिग्ध असेल तर डॉक्टरांना लेखी विचारायचं, आपल्या मनाने भरायचं नाही. यात वेळ जातो आणि त्या दिवशीच्या फायली कमी भरतात. घरी आलेल्या पोरीला "आज कमी का?" म्हणून आपणही टोचतो, ते तेवढं आवरा.

पुढच्या रविवारी ५९ घेणार आहोत. दुसरा कुठलाही मॉडिफायर बसत नसेल तेव्हाच तो. येताना यंदाचंच पुस्तक आणा. ९९२०१ हा कोड २०२१ पासून काढून टाकलाय, तरी काही मुलं ताईदादांच्या जुन्या पुस्तकांतून तो पाठ करून येतात.