वेग आणि ताप



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांनी आम्हांला पदार्थविज्ञान मराठीतून शिकविले. त्यामुळे भाषेच्या प्राध्यापकाने वेगवान मोटारीच्या इंजिनाविषयी बोलावे, हे त्यांना अप्रस्तुत वाटले नसते.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांशच कामी येते. उरलेली उष्णता धुरावाटे आणि पाण्यावाटे बाहेर जाते. शक्ती वाढवावी, तसतशी ही उष्णताही वाढते. म्हणून इंजिनाचे सामर्थ्य, ते ताप किती लवकर बाहेर टाकू शकते, यावरही ठरते.

जर्मनीच्या पोर्शे कंपनीचे उदाहरण बोलके आहे. १९६३ साली प्रथम दाखविलेल्या तिच्या ९११ या गाडीचे इंजिन वाऱ्याने आणि तेलाने थंड होई. तीच तिची ओळख होती. परंतु प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आल्या, तेव्हा माथ्यावरील तप्त, दाटीच्या जागी वारा पुरेना. सारख्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता सामावून घेते. अखेर १९९७ साली कंपनीने पाण्याने थंड होणारी ९११ पुढे आणली. जुने चाहते हळहळले; पण परंपरा सोडल्यामुळेच गाडीचा वेग टिकला.

पाण्यालाही मर्यादा आहेच. समुद्रसपाटीला ते १०० अंशांना उकळते. म्हणून रेडिएटरचे झाकण घट्ट बसवून आत दाब राखतात आणि पाण्यात ग्लायकोल मिसळतात. त्यामुळे उत्कलनबिंदू वर सरकतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे गुरुजींनी याच शाळेत आम्हांला शिकविले होते.

काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याच्या नव्या, जोरदार गाडीतून मी गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगावला येत होतो. चढावर इंजिनाला श्रम फार आणि मंद गतीमुळे समोरून वारा कमी. तापमानाचा काटा चढू लागला. मी थांबण्यास सुचविले, तो म्हणाला, “सर, घाटमाथा आलाच.” शेवटी गाडी थांबली ती वाफ येऊ लागल्यावर. तो घाईने झाकणाला हात घालू लागला. मी तो हात धरून मागे ओढला. झाकण उघडताच दाब उतरतो आणि अतितप्त पाणी उसळून बाहेर येते. त्या क्षणी मला गुरुजींचा तो तास आठवला.

म्हणून तरुणांना सांगतो, काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. तेवढीच उष्णता बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. ते निवल्याखेरीज झाकण उघडू नका, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. प्रवासापूर्वी शीतद्रवाची पातळी, रबरी नळ्या आणि पंखा पाहा. रेडिएटरच्या पात्यांतील चिखल काढा. काट्याकडे दुर्लक्ष झाले, तर सिलिंडरचा माथा वाकतो आणि अर्ध्या तासाच्या घाईपायी सारे इंजिन खोलावे लागते.

त्या दिवशी आम्ही तासभर झाडाखाली बसलो. उशीर झाला, परंतु हात शाबूत राहिला. गुरुजींच्या एका तासाचे हे फळ त्यांच्या स्मृतीस अर्पण करून मी आपली रजा घेतो.