पाळकाच्या घरातलं पाणी

(हिवाळी व्याख्यानमालेत भिलाईच्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

मंडळी, भिलाईहून नागपूरकडे जाणारी गाडी धरली की आधी दुर्ग मागे पडतं आणि मग डब्यात जरा टेकून बसावं तोच राजनांदगाव येतं. आपल्यापैकी अनेकांनी हा प्रवास शेकडो वेळा केला असेल. १८९३ साली याच मार्गावर, पण उलट दिशेने, नागपूरहून एकतिशीतला एक कोकणस्थ ब्राह्मण येत होता. राजनांदगाव संस्थानात त्याला नोकरी मिळाली होती. भिलाईची पहिली झोतभट्टी पेटायला तेव्हा अजून पासष्टेक वर्षं होती. हा मनुष्य संस्कृत जाणणारा, कवी, वक्ता. पैसा त्याच्या हातात फार वेळ थांबत नसे, आणि नोकरीत तो स्वतः फार दिवस टिकत नसे. नाव नारायण वामन टिळक.

डब्यात एक गोरा साहेब होता. तो अदबीने बोलला, संस्कृत काव्याची गोष्ट निघाली, मग धर्माची. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवली आणि सांगितलं, की हे नीट वाचलंत तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. तो साहेब म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड. गाडीत भेटलेल्या माणसाने वर्तवलेलं भविष्य कोण मनावर घेतो! टिळकांनी पुस्तक मात्र वाचलं. पर्वतावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो दिला रेव्हरंड तुकाराम नाथोजी या देशी पाळकाने.

मराठी माणसाच्या आयुष्याला अवचित वळण देण्याची या राजनांदगावला खोडच दिसते. १९५८ साली गजानन माधव मुक्तिबोध इथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. घरात मराठी बोलणारा हा माणूस हिंदीतला थोर कवी ठरला. पण आजचा विषय टिळकांचा, आणि खरं म्हणजे पुढे पाळक झालेल्या टिळकांच्या घराचा.

पाळकाकडे आपण सहसा रविवारी बघतो. तो वेदीपाशी उभा असतो, कपडे स्वच्छ, आवाज भरदार. सोमवार ते शनिवार तो काय करतो? आजाऱ्याच्या खाटेशी बसतो, मातीला जातो, भांडणं मिटवतो, कुणाच्या मुलीचं लग्न जुळवतो, कुणाच्या मुलाची फी भरायला चार दारं हिंडतो. भिलाईत सेक्टर ९ च्या इस्पितळाच्या आवारात असा एखादा तरुण पाळक तुम्ही पाहिलाही असेल. काखेत पवित्र शास्त्र, हातात कुणाचा तरी जेवणाचा डबा. हे सगळं उरकून तो घरी येतो तेव्हा दार उघडणाऱ्या बाईला काय वाटतं, याची नोंद बहुधा कुठेच होत नाही.

मराठीत ती झाली. टिळकांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी केली, ‘स्मृतिचित्रे’ या आठवणींच्या पुस्तकात.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मल्या. माहेरच्या गोखल्यांची ही मनकर्णिका. १८५७ च्या धामधुमीनंतर तिच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या धक्क्याने तिच्या वडिलांच्या मनात विटाळाची भीती घर करून बसली. बाजारातून आलेलं धान्यसुद्धा पाण्यातून काढल्यावाचून घरात यायचं नाही, असं त्यांचं सोवळं. त्या धुण्यापुसण्यात मुलांचं बालपण भिजून गेलं. अकराव्या वर्षी लग्न होऊन ही मुलगी टिळकांच्या घरी आली. तिथे दुसरी तऱ्हा. सोवळ्याचा जाच नव्हता, पण नवरा आज घरात तर उद्या कुठे, याचा पत्ता नव्हता. आज ठाणे, उद्या नाशिक, परवा नागपूर. रागावले की घर सोडून निघून जायचे, राग निवळला की परत यायचे. लेकरं जन्मत होती आणि हाती लागत नव्हती. मूल गेल्यावर बापाने कविता लिहिली, तिचं नाव ‘बापाचे अश्रू’. आईच्या अश्रूंना तेव्हा नाव मिळालं नाही. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा जगला.

आणि मग बाप्तिस्म्याची बातमी आली.

आज धर्मांतर म्हटलं की आपण लगेच बाजू घेऊन बसतो. लक्ष्मीबाईंनी ते दिवस लिहिले आहेत, त्यात बाजू नाही. हलून गेलेलं घर आहे, साडेतीन वर्षांचं मूल आहे, धाय मोकलून रडणारी सव्वीस वर्षांची बाई आहे आणि तिच्याभोवती सल्ले देणारी नातेवाईक मंडळी आहेत. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. विधवेचे नियम तिला लागू नाहीत आणि सवाष्णीचा संसारही नाही. साडेचार-पाच वर्षं ती अशी काढते. काही दिवस नाशिकला, काही पंढरपूरला. तिकडे टिळक पत्रं लिहितात, भेटायला येतात. ती जाणार नाही, ते मागे हटणार नाहीत.

या मधल्या काळात टिळक नगरला होते, आजच्या अहिल्यानगरला. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ पासून चालू होतं. पाळक होऊ पाहणाऱ्यांना टिळक शिकवत, गावोगाव हिंडून बोलत, गीतं रचत. उठता-बसता ऐकणाऱ्याला सांगत, की तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. लोकांना त्यांची रसाळ वाणी आवडे. पण एखाद्या खेड्यातल्या म्हातारीने सहज विचारलं असेल, “पंडितजी, घरचं माणूस कुठंय?” तर या बोलक्या माणसाला उत्तर सुचलं असेल का? प्रीतीवर प्रवचन द्यायचं आणि स्वतःच्या बायकोने आपल्या घरचा पेला तोंडाला लावू नये, हे त्यांचं रोजचं जगणं होतं.

शेवटी ती आली. पण धर्म बदलून नाही. आली ती आपलं सोवळं, आपली चूल आणि आपलं पाणी बरोबर घेऊन. इथे टिळकांनी एक मोठी गोष्ट केली, ती म्हणजे काहीच केलं नाही. या तापट माणसाने बायकोच्या घागरीला हात लावला नाही. मिशनच्या वस्तीत, पाळकीच्या वाटेवरच्या माणसाच्या घरात एक कर्मठ ब्राह्मण बाई वेगळं रांधून खाते आहे, हा देखावा शेजारपाजाऱ्यांना किती दिवस पुरला असेल!

तिची गाठ सुटली ती कुणाच्या उपदेशाने नाही. एका मुक्कामात ती एकटीच विचार करत बसली. जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनी केल्या असतील तर आपण हे ओझं कशाला वाहायचं? तिने मनाशी ठरवलं, आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागली. जिच्या बापाने आयुष्यभर दाणा न् दाणा धुतला त्या मुलीने हे केलं. ख्रिस्ती होण्याचा विचार त्यानंतरचा. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला. टिळकांना पाळकीय दीक्षा मिळाली ती त्याच्याही पुढे, १९०४ मध्ये. म्हणजे क्रम कसा लागला? आधी घरातलं पाणी एक झालं, मग धर्म एक झाला आणि मग टिळक रेव्हरंड झाले.

नगरचं ते घर कसं होतं? थोडक्यात सांगायचं तर धर्मशाळा. दुष्काळाने आणि प्लेगने त्या वर्षांत महाराष्ट्र पिळून काढला. अनाथ पोरं टिळक घरी आणायचे आणि त्यांच्या ताटाची काळजी लक्ष्मीबाईंवर टाकून मोकळे व्हायचे. मिशनचा पगार बेताचा. पगाराच्या दिवशी जो गरजू पहिला भेटेल त्याचा महिना चांगला जायचा. साथीत लक्ष्मीबाईंनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. ज्या बाईला एके काळी सावलीचाही विटाळ होई ती आता परक्या पोरांची ओकारी काढत होती. हे ती सांगते तेव्हा आवाज चढवत नाही. उलट स्वतःच्या भित्रेपणाची, फजितीची गोष्ट आधी सांगते आणि वाचणारा हसत असताना मधेच त्याच्या घशात आवंढा येतो. नवऱ्याचं नाव पुस्तकभर ‘टिळक’. त्यांचा विसराळूपणा, हट्ट, राग, यातलं काही झाकलेलं नाही, आणि तरी वाचताना त्यांच्याविषयी माया वाटत राहते.

या घरात एक मुलगा आला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, मूळ धरणगावचा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि तो बालकवी झाला. टिळकांनी त्याला नगरला आपल्याकडे ठेवून घेतलं. तो हिंदू होता, हिंदूच राहिला. रेव्हरंडांच्या घरात राहून त्याला कुणी ख्रिस्ती केलं नाही. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं रागावलं आणि जेवू घातलं. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून तो गेला. अठ्ठावीस वर्षंही पुरी नव्हती. पाळक म्हणून टिळकांनी किती घरांत जाऊन सांत्वन केलं असेल, पण हे मरण त्यांच्याच घरात आलं होतं.

टिळक तोवर वेगळ्याच तंद्रीत होते. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळत होते. त्यांची दोनशेहून अधिक गीतं ख्रिस्ती मंडळ्यांतून म्हटली जाऊ लागली होती. पाश्चात्त्य चालींच्या भाषांतरित गीतांना कंटाळलेल्या माणसांना अभंगाच्या वळणाची गीतं मिळाली. टाळ-मृदंगावर ख्रिस्ताचं नाव घेता येतं, हे खेड्यातल्या मंडळीला आता वेगळं सांगावं लागत नव्हतं. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. कुठल्याही पंथाची पाटी नसलेला, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही खुला. पन्नाशी उलटलेला नवरा पुन्हा एकदा नोकरी सोडून आला, तेव्हा लक्ष्मीबाईंना त्याचं फारसं नवल वाटलं नसावं. सवय होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. बालकवीला जाऊन एक वर्ष आणि चार दिवस झाले होते.

पुढे दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आईच्या मागे लकडा लावला. वडिलांचं चरित्र लिहायचं आहे, आठवतं ते लिहून दे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने आठवणी लिहायला घेतल्या आणि चरित्राच्या त्या कच्च्या मालाचंच पुस्तक झालं. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला. त्यातल्या सुहास जोशींच्या लक्ष्मीबाई इथल्या ज्येष्ठ मंडळींना आठवत असतील.

टिळकांच्या बाडात एक काम अर्धवट राहिलं होतं. ‘ख्रिस्तायन’, ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र. दहा-अकरा अध्यायांत ते थांबलं होतं. ज्या पुस्तकापायी तिचा संसार मोडला होता त्याच पुस्तकातली कथा, आणि ती सांगायला माजघरात जात्यावर म्हणायची ओवी. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं, तोवर त्यांनी पुढचे अध्याय लिहून ठेवले होते. शेवटचा तेवढा मुलाने जोडला. पाळकबुवांचे अध्याय दहा-अकरा, आणि बाईंचे चौसष्ट.