जिल्हई आणि नंबर



काही महिन्यांपूर्वी चोपडा तालुक्यातले माझे एक स्नेही, केळीचे बागायतदार, मला सोबत घेऊन शिरपूरला गेले. तिथल्या एका निवृत्त फौजी आबांना वयामुळे आपली रायफल विकायची होती. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली, ३१५ बोरची. स्नेह्यांच्या परवान्यावर रायफल मंजूर झालेली होती. पण आबांनी ती बाहेर काढली आणि स्नेह्यांचा चेहरा उतरला. दस्त्याचं पॉलिश उडून लाकूड पांढुरकं पडलेलं, नळीवरची निळसर काळी झाक जागोजागी गेलेली, चापाच्या कडीवर तांबूस गंज. "भाऊ, पैसे मोजून भंगार कशाला न्यायचं?" ते माझ्या कानाशी म्हणाले. आबांनी ते ऐकलं असावं. बोलले काही नाहीत. रायफल रिकामी असल्याची खात्री करून त्यांनी बोल्ट काढला आणि ती माझ्या हातात दिली.

मी नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली. आतल्या पीळदार खाचा या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख, कडा शाबूत. मध्येच काळसर कडं दिसलं तर नळी फुगलेली आहे असं समजावं. तसं कुठेच नव्हतं. मग बोल्टच्या दांड्यावरचा नंबर आणि रायफलीच्या अंगावरचा नंबर ताडून पाहिला. दोन्ही एकच. बोल्ट ज्याच्या त्याच्या रायफलीला बसवलेला असतो. दुसरीचा आणून घातला, तर काडतूस मागून नीट धरलं जाईलच याचा भरवसा नाही, आणि बार चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर उडतो. नंबर जुळले नसते, तर वरून कितीही चकचकीत असली तरी मी स्नेह्यांना उठवून परत आणलं असतं.

मग हिचं रूप गेलं कशानं? आपल्याकडे परवान्याच्या बऱ्याच बंदुकांची हीच कथा आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा होतं. तिथे ती एकमेकांना टेकून उभी राहतात, लाकडावर लाकूड घासतं. विधानसभा झाली की जिल्हा परिषद. बंदूक घरी परत आली की आपण तिला चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवतो आणि तिथेच चुकतो. मे महिन्यात आपल्या खान्देशच्या उन्हात लाकूड आवळतं, जुलैत चामडं ओल धरतं आणि ती ओल लोखंडाला चिकटून बसते. आबांच्या रायफलीवरचे डाग नेमके म्यानाच्या शिवणीच्या रेषेत होते.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी जिवाच्या कळवळ्यानं सांगतो आहे. अशी रायफल खुशाल घ्या, पण घेतल्यावर लगेच तिला चमकवायला बसू नका. वडिलांच्या बारा बोरच्या दुनळीवर मी विशीत असताना पॉलिश पेपर चालवला होता. दोन दुपारी घासत बसलो. गंज गेला, त्याबरोबर नंबराचे दोन आकडेही जवळजवळ गेले. पुढच्या नूतनीकरणाला वडील भिंग घेऊन टेबलापाशी उभे होते आणि ते आकडे वाचून दाखवताना त्यांचा आवाज कापत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम स्पष्ट आहे: हत्यारावरची ओळखखूण पुसणं, बदलणं हा गुन्हा, आणि खूण पुसलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानंच ती पुसली असं धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करणं त्याच्यावर.

मग हे काम कुणाला द्यायचं? शिकलगार हा शब्दच मुळी हत्याराला जिल्हई देणाऱ्याचा. आपल्या सातपुड्याच्या कडेला, सीमेपलीकडे उमर्टीच्या बाजूला, लोखंडावर हात बसलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कसब खरं आहे, त्याचा मला आदर आहे. पण परवाना नसलेल्या हातात आपलं हत्यार देणं, मग तो कारागीर असो की गावातला ओळखीचा सुतार, ही वाट थेट तुरुंगाकडे जाते. डागडुजी परवानाधारक दुकानातच करा. तिथेही एक विचारा. दुनळीच्या दोन नळ्या मऊ झाळानं जोडलेल्या असतात. कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात बुडवून काळी केली, तर तो झाळच खाल्ला जातो. दुनळीला हळू गंजवून काळं करण्याची जुनी पद्धतच लागते. दुकानदाराला हा फरक माहीत नसेल, तर बंदूक परत घेऊन या.

कागदांचंही दोन शब्दांत सांगतो. विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीन नव्हे, दोनच हत्यारं ठेवता येतात. वडिलोपार्जित असलं तरी ते त्या दोनांतच धरतात. आणि कृपा करून शिकारीचा विचार मनात आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो विषय संपवला आहे.

स्नेह्यांनी रायफल घेतली. पंचेचाळीस दिवस पुरे होईपर्यंत ती आबांकडेच होती. आता लाकडाला ते पंधरवड्यातून एकदा जवसाचं तेल लावतात. चार थेंब तळहातावर घ्यायचे, हात गरम होईस्तोवर चोळायचं, उरलेलं कोरड्या फडक्यानं टिपायचं. दस्ता पुन्हा तांबूस होऊ लागला आहे. ठेचलेल्या एका जागी दुकानदारानं ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवली, तेव्हा दबलेले रेशे डोळ्यांदेखत वर आले. नळीवरचे शिवणीचे डाग मात्र तसेच आहेत. तिथे त्यांनी फक्त तेलाचा हात फिरवला. म्यान फेकून दिलं. अंगावरचा नंबर, चष्मा न लावताही, एका नजरेत वाचता येतो.