घरातला नेम

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीवर उभं राहिलं, की समोर वसईची खाडी दिसते. पुलावरून लोकलगाड्या धडधडत जातात, पलीकडे वसई तालुका सुरू होतो. या खाडीच्या दोन्ही अंगांना कॅथलिक माणसं शतकानुशतकं राहत आली आहेत. मी त्यांच्यातलाच एक. ‘आजच्या काळात तुम्ही ही जुनी श्रद्धा टिकवता तरी कशी?’ असं मला पुष्कळदा विचारलं जातं. अशा वेळी मला इथलाच इतिहास आठवतो.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्यामागोमाग युरोपीय मिशनरी गेले, अनेक चर्च ओस पडली. राजाश्रय गेला, आता हा धर्मही संपणार, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल. पण तसं झालं नाही. एतद्देशीय धर्मगुरूंनी धुरा उचलली. मला वाटतं, त्याहूनही मोठं काम घरांनी केलं. ओट्यावरचा क्रूस, दिवेलागणीची प्रार्थना आणि आजीच्या हातातली जपमाळ यांना कुठल्याच सत्तेचा आधार लागत नव्हता.

पुढची परीक्षा विसाव्या शतकात आली. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि लॅटिन मिस्सा हळूहळू मातृभाषेत होऊ लागली. काही वडीलधाऱ्यांना वाटलं, परंपराच मोडली. हा वाद जगभर अजून शमलेला नाही. पोप बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये जुन्या पद्धतीच्या मिस्सेला मोकळीक दिली, तर पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये तिच्यावर पुन्हा बंधनं घातली. लॅटिनवर प्रेम करणाऱ्यांचा मी आदरच करतो. पण मराठी माणसाला मातृभाषेतली भक्ती नवी नाही. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही ओवीत! भाषा बदलली, तरी श्रद्धेचा अंगीकार तोच राहिला आणि संस्कार सातच राहिले. काय बदलू शकतं आणि काय नाही, हे ओळखणं म्हणजेच परंपरा सांभाळणं.

आजची अडचण मात्र वेगळी आहे. कोणी आपली श्रद्धा हिसकावून घेत नाही, ती नकळत हातून निसटते. रविवारी मुलांचा क्लास असतो, मोठ्यांची शिफ्ट असते. संध्याकाळी चार माणसं चार मोबाइलमध्ये असतात. मग मिस्सा नाताळ आणि ईस्टरपुरती उरते, पापनिवेदन तर विस्मरणातच जातं. धर्माशी भांडून दूर गेलेली तरुण मुलं मी फार थोडी पाहिली. बहुतेकांचा नेम सुटला आणि मागोमाग ओढही सुटली.

जेसल पार्कमधल्या आमच्या शेजारच्या जैन काकू सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. लग्नाच्या पंगतीतही त्यांचा नेम मोडत नाही आणि त्याचा त्या गाजावाजाही करीत नाहीत. उपवासकाळातल्या शुक्रवारी मी मांस खात नाही, हे त्यांना न सांगता कळतं. स्वतःच्या श्रद्धेशी पक्कं असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या श्रद्धेची भीती वाटत नाही, हे मी या शेजारातून शिकलो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं उदाहरण आपल्यासमोर आहे. जुलै २०२४ मध्ये ते गेले. धर्मगुरुपण न सोडता ते ‘हरित वसई’साठी लढले, त्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही भूषवलं. ठाम श्रद्धा माणसाला कोंडून घालत नाही, हे त्यांच्याकडे पाहून पटतं.

मुलं प्रश्न विचारतील. देव आहे तर दुःख का? चर्चमधली माणसं चुकतात ती का? त्यांना गप्प बसवू नये. जेवढं उमजलं तेवढं सांगावं, उरलेलं धर्मगुरूंना विचारावं. पण प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत नेम थांबवू नये. रोझरीच्या पाच दशकांना वीस मिनिटं पुरतात. तेवढा वेळ टीव्ही बंद करून घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं. ज्या दिवशी मुलगा कंटाळेल, त्या दिवशी आई-वडिलांनी दोघांनीच म्हणावी. आतल्या खोलीत त्याच्या कानावर ती पडत राहील, आणि पुढे कधी त्याला गरज भासली, तर तिचे शब्द त्याला पाठ असतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)